‘बाहेरचे आले, सभा गेली’ या दाव्याला उत्तर

निवडणूक लागली की एक मजकूर गटागटांतून फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच. परराज्यातून कार्यकर्ते आणणं बेकायदा आहे. त्यांचा खर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही, म्हणून पैसेवाले आणतात. त्यांना आपली भाषा येत नाही. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत हॉवर्ड डीन बाहेरचे कार्यकर्ते आणण्याच्या याच चुकीमुळे हरले. आणि बाहेरचे दिसले की स्थानिक कार्यकर्ता रुसून घरी बसतो. थोडक्यात, बाहेरचे आले की सभा गेलीच.

यातले पहिले दोन मुद्दे साफ चूक आहेत, तिसरा अर्धवट आहे, चौथ्यातून उलटाच धडा निघतो. पाचव्यात मात्र दम आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

‘बेकायदा आहे’

नाही. भारताचा नागरिक देशातल्या कुठल्याही मतदारसंघात प्रचार करू शकतो, सभेत काम करू शकतो, भाषण करू शकतो. मतदार यादीत नाव इथलं हवं अशी अट नाही. गैरसमज तीन वेगवेगळ्या नियमांची गल्लत झाल्यामुळे होतो.

एक, परदेशी नागरिक. एप्रिल २०१९ मध्ये बांगलादेशी अभिनेते फिरदौस अहमद यांनी पश्चिम बंगालमध्ये प्रचार केला, तेव्हा त्यांचा व्हिसा रद्द करून त्यांना देश सोडायला सांगितलं गेलं. तो नियम परदेशी माणसाला आहे, इंदूरच्या किंवा सुरतच्या माणसाला नाही.

दोन, मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६ नुसार या काळात जाहीर सभा घेता येत नाही. शिवाय बाहेरून आणलेले आणि त्या मतदारसंघाचे मतदार नसलेले राजकीय कार्यकर्ते तिथे थांबू नयेत, असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. पोलीस लॉज, मंगल कार्यालयं, धर्मशाळा तपासतात ते त्यासाठीच. महाराष्ट्र विधानसभेच्या २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाला बहुतेक मतदारसंघांत १८ तारखेच्या संध्याकाळी ६ वाजता ही वेळ सुरू झाली. इथे एक गोष्ट लोक विसरतात: ‘बाहेरचा’ म्हणजे मतदारसंघाबाहेरचा. शेजारच्या तालुक्यातला, पण दुसऱ्या मतदारसंघातला कार्यकर्ताही त्यात येतो.

तीन, मतदान प्रतिनिधी. बूथवर बसणारा माणूस त्याच मतदारसंघाचा मतदार लागतो. सभेशी याचा काही संबंध नाही.

‘त्यांचा खर्च मोजला जात नाही’

हा दावा जितका पसरतो तितकाच तो उमेदवाराला गोत्यात आणतो, कारण काही तालुका कार्यालयं त्यावर खरंच विश्वास ठेवतात.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. तुमच्या उमेदवाराच्या सभेसाठी आलेल्या कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता, मुक्काम, गाडी हे सगळं त्यात येतं. कार्यकर्त्यांवरच्या खर्चाचा हिशेबात वेगळा तक्ताच असतो. सूट आहे ती स्टार प्रचारकाच्या प्रवासखर्चाला, आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या त्या यादीत जास्तीत जास्त ४० नावं असतात. स्टार प्रचारकासोबत उमेदवार मंचावर बसला, किंवा सभेत त्याचं नाव-फोटो झळकला, की मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक यांचा खर्च उमेदवाराकडे येतो. एकाच मंचावर तीन उमेदवार बसले तर तो तिघांत समान वाटला जातो.

हा खर्च लपत नाही. आयोगाचं व्हिडिओ पथक मैदानात फिरून खुर्च्या, फलक, कमानी, गाड्या टिपतं, गाडीच्या नंबर प्लेटसकट. जिल्ह्याच्या दरपत्रकानुसार त्याची किंमत लावून ती आयोगाच्या खर्च निरीक्षकाच्या समांतर हिशेबाच्या वहीत, म्हणजे छाया नोंदवहीत जाते. उमेदवाराची नोंदवही आणि ही छाया नोंदवही यांचा मेळ प्रचारकाळात तीनदा तपासला जातो. बाहेरून आलेल्या ६० जणांचं तीन दिवसांचं जेवण तुमच्या वहीत नसेल आणि छाया नोंदवहीत असेल, तर नोटीस ठरलेली.

रोकडीचंही सांगायला हवं. प्रचारकाळात प्रचाराच्या गाडीत, उमेदवाराच्या किंवा कार्यकर्त्याच्या ताब्यात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख सापडली तर ती जप्त होऊ शकते. राज्याच्या सीमेवरच्या नाक्यांवर तपासणी कडक असते. अशा वेळी आठ जणांचा आठवड्याचा खर्च एकाच्याच पिशवीत घेऊन येणारी तुकडी नाक्यावरच अडकते आणि सभेच्या आदल्या रात्री तालुकाध्यक्ष मैदानावर असण्याऐवजी पोलीस ठाण्यात बसतो. उपाय सोपा आहे: देणी उमेदवाराच्या निवडणूक खात्यातून द्या. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांच्या वर रोखीने देताही येत नाहीत. आलेल्यांनी फक्त वाटखर्च जवळ ठेवावा.

‘त्यांना भाषा येत नाही’

परराज्यातला म्हणजे परभाषक, हे गृहीतच चुकीचं. निपाणीचा माणूस कागलात परका वाटत नाही. भालकीचा उदगीरमध्ये, बऱ्हाणपूरचा रावेरमध्ये, पेडण्याचा सावंतवाडीत सहज मिसळतो. नातीगोती, बाजार, देव, सगळं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. आदिलाबादचा कार्यकर्ता किनवटच्या सभेत जितका घरचा वाटेल तितका मुंबईहून आलेला वाटणार नाही. बडोदा आणि इंदूरला पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरं आहेत.

भाषा न येणारा माणूस माइकवर आणि दारात नको, एवढं खरं. पन्हाळ्याचं ‘पन्हाला’ झालं की मैदानातून हशा येतो आणि पुढची पाच मिनिटं निवेदकाची उरत नाहीत. घरोघरी निमंत्रणाला तर तो अजिबात नको. पण पाण्याचे जार उतरवायला, खुर्च्या मोजायला, जनरेटरपाशी बसायला कुठली बोली लागते?

‘डीन यांचं बघा’

बघूच. १९ जानेवारी २००४ ला आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे कॉकस, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या स्थानिक बैठका, झाल्या. आधी आघाडीवर मानले गेलेले हॉवर्ड डीन १८ टक्क्यांवर थांबले. जॉन केरी ३८ आणि जॉन एडवर्ड्स ३२ टक्क्यांवर गेले. शेवटच्या टप्प्यात डीन यांच्यासाठी देशभरातून सुमारे ३,५०० स्वयंसेवक आले होते, डोक्यावर भगव्या-नारिंगी विणलेल्या टोप्या घालून.

पराभवाची कारणं एकाहून अधिक होती. डीन आणि आणखी एक दावेदार डिक गेपहार्ट यांनी एकमेकांवर केलेल्या टीकेचा दोघांनाही फटका बसला, असं तेव्हापासून मानलं जातं. स्वयंसेवकांपुरतं बोलायचं तर चूक कुठे झाली ते स्पष्ट दिसतं. कॉकस म्हणजे पेटीत चिठ्ठी टाकणं नव्हे. एकाच वस्तीचे लोक शाळेत, सभागृहात जमतात आणि शेजाऱ्यांसमोर आपला गट निवडतात. तिथे बाहेरच्याला मत नाही, त्याच्या शब्दाला वजन नाही. म्हणजे जे काम फक्त शेजारी करू शकतो, त्यासाठी दारोदार अनोळखी माणसं पाठवली, तीही शेवटच्या दिवसांत आणि लांबूनच ओळखू येतील अशी टोपी घालून.

आता त्याच राज्याचा पुढचा प्रसंग फिरणाऱ्या मजकुरात का नसतो? ३ जानेवारी २००८ ला बराक ओबामा आयोवात ३८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकले. त्यांचेही कितीतरी क्षेत्रीय कार्यकर्ते राज्याबाहेरचे तरुण होते. पण ते कित्येक महिने आधी येऊन राहिले आणि त्यांनी प्रत्येक वस्तीत स्थानिक प्रमुख उभा केला. शेजाऱ्याशी बोलला तो शेजारीच. बाहेरची माणसं दोन्ही वेळा होती, निकाल वेगळा लागला. तेव्हा दोष ‘बाहेरचे’ असण्यात शोधू नये.

‘स्थानिक कार्यकर्ता रुसतो’

रुसतो, आणि त्याचं चुकत नाही. वर्षभर वाडीत बैठका घेतल्या त्याने, वीजबिलाच्या तक्रारी घेऊन गेला तो, आणि सभेच्या दिवशी कोणी तरी नवखा त्याला ‘भैया, उधर खडे रहो’ म्हणतो. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्याला त्या दिवशी तरी मान हवा असतो. ही जखम निवडणूक संपली तरी भरत नाही.

पण यावर उपाय बाहेरच्यांना परत पाठवणं हा नाही. सतरंज्या त्यांना उचलू द्या.

पाच हजार खुर्च्यांची सभा घ्या. खुर्ची, पाय ठेवायची जागा आणि वाटा धरून माणशी ६ ते ७ चौरस फूट लागतात, म्हणजे ३० ते ३५ हजार चौरस फूट. शंभर-शंभर खुर्च्यांचे पन्नास पट्टे, मध्ये सहा फुटांच्या वाटा. पट्ट्यामागे एक माणूस धरला तरी पन्नास झाले. दीड हजार दुचाकी आल्या तर तितक्याच जागेचं आणखी एक मैदान लावायला लागतं. पार्किंगला सोळा माणसं. माणशी अर्धा लिटर पाणी म्हणजे २,५०० लिटर, २० लिटरचे १२५ जार, उन्हाची सभा असेल तर दुप्पट. त्याला बारा. प्रवेशाच्या दारांवर बारा, मंचासमोरच्या डी कक्षाला (इंग्रजी ‘डी’च्या आकाराची, पासवरच प्रवेश असलेली जागा) आठ, महिलांच्या कक्षाला दहा, मंचावर सहा, वीज आणि जनरेटरला चार. बेरीज ११८.

हे ११८ स्थानिकच घेतले तर काय होतं? तालुक्यातले सगळ्यात धडपडे ११८ लोक सभेच्या दिवशी आपापल्या गावातून निघून मैदानात अडकतात. गावातून टेम्पो भरायला, म्हातारीला हात देऊन बसवायला, ‘चला, मी पण येतोय’ म्हणायला कोणी उरत नाही. संध्याकाळी साडेपाचला मैदान रिकामं का, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. ज्याच्या शब्दावर माणसं निघायची, तो दुपारपासून खुर्च्या लावत होता.

म्हणून वाटणी अशी करावी. पट्ट्यांवरच्या पन्नासपैकी तीस, पार्किंगचे आठ, पाण्याचे बारा, विजेचे चार आणि मंचाच्या सहापैकी मागे थांबणारे चार, असे ५८ बाहेरचे. बाकी साठ स्थानिक. पार्किंगला एक बाहेरचा आणि एक स्थानिक अशी जोडी हवी, कारण एसटी कुठून वळते आणि कुठली गल्ली पुढे बंद आहे हे नवख्याला कळत नाही. महिलांच्या कक्षात दहाही स्थानिक बायकाच असाव्यात. लेकराला घेऊन मध्येच उठणारीला कुठून बाहेर काढायचं, कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं, हे त्यांनाच उमगतं.

आणि डी कक्षाच्या दारावर बाहेरचा माणूस चुकूनही नको. सभा इथेच बिघडते. पांढरा सदरा, पायात साधी चप्पल, हातात पास नाही, असा एक गृहस्थ येतो. नवखा त्याला थांबवतो, नियमाप्रमाणे बरोबरच करतो. गृहस्थ काही बोलत नाही, मागे वळतो. तो सहा वाड्यांच्या सोसायटीचा चेअरमन असतो. त्याच्यासोबत आलेली माणसं त्याच्या मागोमाग उठतात, आणि रात्री नऊपर्यंत ती गोष्ट सहाही वाड्यांत पोचलेली असते. त्या दारावर तालुक्यातली तोंडं ओळखणारा, पन्नाशीचा, शांत डोक्याचा कार्यकर्ता उभा करावा.

आणखी काही पथ्यं आहेत. बाहेरच्यांनी खुर्चीवर बसायचं नाही. पहिल्या रांगा त्यांनी भरल्या की गावकऱ्याला ते लगेच कळतं आणि फोटोही फिरतात. वेगळ्या रंगाचं उपरणं किंवा टोपी नको, सगळ्यांना जे तेच. सूचना बाहेरच्याने स्थानिकाला द्यायची नाही. प्रत्येक विभागाचा प्रमुख स्थानिक असेल आणि हे सभेच्या आदल्या दिवशी मैदानावर सगळ्यांसमोर सांगितलं जाईल. आलेल्यांना किमान दोन दिवस आधी बोलवावं. सकाळी उतरलेला माणूस संध्याकाळच्या सभेत ओझंच होतो, कारण त्याला स्वच्छतागृह कुठे आहे तेही विचारावं लागतं.

मैदानाच्या, ध्वनिक्षेपकाच्या आणि गाड्यांच्या परवानग्यांसाठी पळायचं काम स्थानिकांकडेच ठेवावं. अर्ज किमान ४८ तास आधी जातो, जागा आधी येईल त्याला मिळते, आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. गाडीचा मूळ परवाना समोरच्या काचेवर दिसायला हवा. बाहेरच्या पासिंगची गाडी परवान्याशिवाय मैदानाजवळ उभी राहिली की आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या मोबाइल अ‍ॅपवर तक्रार जायला दोन मिनिटं लागतात.

शेवटची सभा असेल तर निघण्याचं वेळापत्रक आधी ठरवा. प्रचार थांबण्याच्या दिवशी दुपारी बारापर्यंत बाहेरच्यांनी आपल्याकडचं सगळं स्थानिक प्रमुखाच्या हाती द्यावं: गाड्यांचे परवाने, हॉटेलची आणि खाणावळीची बिलं, मंडपवाल्याचं चलन. त्यातल्या खुर्च्या, सतरंज्या आणि जार दोघांनी मिळून मोजून दोन्ही सह्या घ्याव्यात. चलनावर ५,००० खुर्च्या आणि नोंदवहीत ४,२०० असं राहून गेलं, तर नोटिशीला उत्तर देताना ज्याने त्या मोजल्या तो माणूस तोवर दुसऱ्या राज्यात पोचलेला असतो.