बुलेटच्या इंजिनात ९० नंबर टाकू नका

मोठेबाबांची फटफटी १९८७ ची, कास्ट आयर्न बुलेट, म्हणजे बिडाच्या सिलिंडरचं जुनं इंजिन असलेली. परवा दिग्रसहून गावी गेलो तर ती कोठ्यासमोरच्या छपरीत उभी. मोठेबाबा म्हणाले, "टकटक करून राह्यली रे. अन् तेल तं नवंच टाकलं बाप्पा." कोणतं टाकलं, विचारलं. त्यांनी मोबाइल काढून गावच्या ग्रुपवरचा मेसेज पुढे धरला. तोच मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. त्याच दिवशी वाचला असता तर मोठेबाबांना एक फोन करता आला असता, हे मनातून जात नाही.

मेसेजला मथळा "विदर्भाच्या उन्हात जुन्या गाड्या वाचवा", शेवटी "शेतकऱ्यांच्या हितासाठी पुढे पाठवा". मधले पाच मुद्दे असे: ४६ अंशांत २०डब्ल्यू-५० ऑइल, म्हणजे बुलेटचं नेहमीचं इंजिन ऑइल, पाण्यासारखं होतं, म्हणून जुन्या बुलेटच्या इंजिनात ९० नंबर गिअर ऑइल टाका. ट्रॅक्टरचं ऑइल कोणत्याही मोटारसायकलला चालतं. सिंथेटिकने जुनं इंजिन गळतं. ऑइल ५०० किलोमीटरात काळं पडलं तर ते डुप्लिकेट. आणि येझदी-राजदूतला पेट्रोलमध्ये दुप्पट ऑइल घातलं की इंजिन दुप्पट टिकतं.

आधी पहिलाच मुद्दा, कारण आमच्या घरी नुकसान त्यानेच केलं.

९० हा आकडा ५० पेक्षा मोठा, म्हणजे तेल जवळपास दुप्पट जाड, असा हिशेब त्यामागे आहे. तो साफ चुकीचा आहे. इंजिन ऑइलचे नंबर एका मापाने दिलेले असतात, गिअर ऑइलचे दुसऱ्या. ४० गुंठे आणि एक एकर, आकडे वेगळे पण जमीन तेवढीच, तसं हे. दोन्ही मापं एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचीच आहेत: इंजिन ऑइलचं जे-३००, गिअर ऑइलचं जे-३०६. १०० अंश सेल्सिअसला ५० नंबरच्या इंजिन ऑइलचा दाटपणा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक लागतो. ९० नंबर गिअर ऑइलचा, आजच्या तक्त्यानुसार, १३.५ ते १८.५. नीट वाचा. गाडी तापल्यावर तुमचं "जाड" ९० नंबर ५० नंबरच्या बरोबरीचं, नाहीतर त्याहून पातळच निघणार.

उलट थंडीत बघा. दुकानात मिळणारं साधं ९० नंबर सिंगल ग्रेड असतं, त्याच्याआधी डब्ल्यूचा, म्हणजे थंडीतला दाटपणा सांगणारा, आकडा नसतो. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा ते २०डब्ल्यू-५० पेक्षा घट्ट होऊन बसतं. बुलेटचा ऑइल पंप छोट्या प्लंजरचा (दट्ट्याचा), संथ चालणारा. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला फ्लोटिंग बुश (धातूचं सुटं कडं) आहे, तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. किक मारून गाडी चालू केली की पहिला मिनिटभर तेल जितक्या लवकर पोचेल तितकं बरं. म्हणजे मेसेजने जे सांगितलं त्याच्या दोन्हीकडून उलटं घडतं.

आणि ४६ अंश हे हवेचं तापमान. ऑइलवरचा ५० हा आकडा मुळात १०० अंशांवर मोजलेला असतो, ऊन त्यात आधीच धरलेलं आहे. आपल्या हवेत हवेवर थंड होणारं इंजिन जास्त तापतं हे खरं, पण म्हणूनच तर बुलेटला १०डब्ल्यू-३० न सांगता २०डब्ल्यू-५० सांगितलेलं आहे.

दाटपणाहूनही मोठा दोष वेगळाच. इंजिनात पेट्रोल जळतं, काजळी आणि आम्ल तयार होतं. इंजिन ऑइलमध्ये ती काजळी धरून ठेवणारी आणि आम्ल मारणारी द्रव्यं असतात. गिअरबॉक्समध्ये काही जळतच नाही, त्यामुळे गिअर ऑइलला ती लागत नाहीत. त्यात असतात दातांवरचा दाब सोसणारी गंधकाची द्रव्यं, आणि इंजिनाच्या उष्णतेत ती तांबं असलेल्या धातूला खातात. आम्ही ड्रेन बोल्ट खोलला तेव्हा घमेल्यात फेसाळ, चॉकलेटी तेल पडलं, वर गिअर ऑइलचा तो उग्र गंधकी वास. रॉकरकडे जाणाऱ्या बारीक पाइपचा बोल्ट मिस्त्रींनी सैल करून आधीच बघितला होता. किकवर किक मारल्या तेव्हा कुठे थेंब आला. बॅरल उतरवल्यावर पिस्टन पिनचा गनमेटलचा बुश काळा पडलेला, नखाला खड्डे लागत होते. दोन महिने, वावर ते बाजार एवढंच चाललेली गाडी.

हा गोंधळ आला कुठून तेही सांगतो. कास्ट आयर्न बुलेटच्या गिअरबॉक्सची खोली इंजिनापासून वेगळी आहे आणि तिथे मिस्त्री ९० नंबर टाकतात. ते बरोबर आहे. कोणीतरी "बुलेटला ९० नंबर" एवढंच अर्धवट ऐकलं आणि ते इंजिनाच्या झाकणातून ओतायला सांगितलं.

ट्रॅक्टरच्या ऑइलचं थोडं मान्य करावं लागतं. कास्ट आयर्न बुलेटच्या इंजिनात ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनचं चांगलं १५डब्ल्यू-४० पडलं तर ती लगेच बंद पडणार नाही, कारण तिचा क्लच वेगळ्या चेनकेसमध्ये (चेनच्या बंद पेटीत), वेगळ्या तेलात आहे. अडल्यानडल्या वेळी चालेल. पण मेसेज म्हणतो "कोणत्याही मोटारसायकलला". सीडी-१००, स्प्लेंडर, २०१० च्या आसपास आलेली युनिट इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेली) बुलेट, या सगळ्यांच्या क्लच प्लेटा इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असतात. तेल जास्त गुळगुळीत असलं की चढावर, मागे पोतं असताना क्लच घसरतो: इंजिन ओरडतं, गाडी सरकत नाही. यासाठीच जपानी कंपन्यांनी १९९८ मध्ये जासो टी-९०३ हे मानक आणलं. त्यात तेल प्रत्यक्ष क्लच प्लेटांवर घासून तपासतात आणि पकड टिकली तरच डब्यावर "जासो एमए" लिहिता येतं. "एमबी" वेगळं, ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. काही डिझेल ऑइलं एमएमध्ये बसतातही, पण तसं डब्यावर लिहिलेलं पाहिजे. दुकानदाराच्या तोंडी भरवशावर ते घेऊ नका. ट्रॅक्टरवाल्यांच्या घरी दुसरा ड्रम असतो, गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेकच्या तेलाचा. त्यातलं तर कोणत्याच इंजिनात नको. दोन्ही ड्रम शेजारी ठेवलेले मी पाहिले आहेत, म्हणून लिहितो.

सिंथेटिकने गळती: अर्धं खरं. जुन्या सीलच्या फटीत साचलेला गाळ नवं तेल धुऊन काढतं आणि आधीपासून झिजलेलं सील उघडं पडतं. दोष सीलचा असतो, ते बदला. तरीही इतक्या जुन्या बुलेटला महागडं सिंथेटिक लागत नाही, हे मी स्वतः मानतो.

काळं ऑइल म्हणजे डुप्लिकेट, हे खोटं. काजळी धरतंय म्हणून काळं होतंय. बरेच दिवस पिवळंच राहिलं तर मला जास्त शंका येईल.

आता येझदी-राजदूत. या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या, त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. कार्बोरेटरच्या जेटमधून (बारीक छिद्रातून) जे मिश्रण जातं त्यात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं. पाच लिटरला २०० मिली म्हणजे १:२५; तिथे ४०० मिली घातलं तर प्लग काळा, सायलेन्सर कार्बनने भरलेला, आणि पेट्रोल कमी मिळाल्याने इंजिन उलट जास्त तापलेलं. मॅन्युअलमधलं प्रमाण पाळा, मोजायला मापाची बाटली ठेवा. आरएक्स-१०० वाल्यांनी तर टाकीत ऑइल घालूच नये, तिला वेगळी ऑइल टाकी आणि पंप दिलेला आहे.

मोठेबाबांच्या गाडीत आता साधं मिनरल २०डब्ल्यू-५० आहे. बुश आणि रिंगा नव्या, म्हणून ५०० किलोमीटरला ते फिल्टरसकट एकदा बदलायचं. हे सगळं मी त्याच ग्रुपवर टाकतो आहे. ज्यांनी ९० नंबर इंजिनात ओतलं असेल त्यांनी उद्या सकाळी किक मारू नका. ऑइल टाकीचा आणि क्रँककेसचा, दोन्ही ड्रेन बोल्ट आधी खोला.