पेटलेला मेंदू आणि मेलेला मासा

मे महिना आला की आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक मजकूर न चुकता फिरतो. यंदा तो धाकट्या काकांनी पाठवला. वर काळ्याभोर पार्श्वभूमीवर मेंदूचं चित्र, त्यात दोन-तीन ठिकाणी लाल-पिवळे ठिपके, आणि खाली: ‘एमआरआयने सिद्ध झालंय, माणूस मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो. जो भाग पेटलाय तिथेच विचार चालू असतो, बाकीचा झोपलेला. डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत. आता तर यंत्रात झोपवलं की मनातला विचार आणि खोटेपणा पडद्यावर दिसतो.’ शेवटी सुट्टीतल्या ‘मेंदू जागृती’ वर्गाचा फोन नंबर.

काका, रागावू नका, पण एकेक मुद्दा घेऊनच बोलतो.

आधी ते 10 टक्के. मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के, पण आपण नुसते पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा एकटा खातो. गणित सोडवायला घेतलं तरी त्यात भर पडते ती सहसा 5 टक्क्यांच्या आतली. मार्कस रेकल या अमेरिकी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये तर असं मांडलं, की हाती काही काम नसताना मेंदूतले काही ठरावीक भाग उलट जास्त चालू असतात आणि काम दिलं की मंदावतात. झोपलेला भाग शोधायला जावं तर हे असं निघतं. आणि 90 टक्के मेंदू रिकामाच असता, तर भाषेच्या भागाजवळची गाठ काढताना रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत शस्त्रक्रिया करायची वेळ डॉक्टरांवर कशाला आली असती?

मग चित्रात एवढा काळोख का? कारण ते वजाबाकीचं चित्र आहे. माणसाला थोडा वेळ बोटं हलवायला सांगतात, थोडा वेळ स्वस्थ पडायला. दोन्ही वेळच्या मोजमापांत जिथे फरक पडला तिथे संगणक रंग भरतो. घरात फ्रिज, पंखे चालूच असतात. मिक्सर लावला की मीटर जरा जोरात फिरतो. त्या वाढीव फिरण्याचं चित्र काढलं तर त्यात फक्त मिक्सर दिसेल. म्हणून फ्रिज बंद होता असं कुणी म्हणेल का?

आता ‘पेटलेला’ भाग. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम चालू असताना अशी रंगीत चित्रं काढण्याची एमआरआयची पद्धत, विचार मोजत नाही, चेतापेशींमधली वीजही मोजत नाही. ते मोजतं रक्त. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला किंचित ओढलं जातं, ऑक्सिजन असलेलं ओढलं जात नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी 1936 मध्येच दाखवलं होतं. सेइजी ओगावा या जपानी संशोधकाने 1990 मध्ये उंदरांच्या मेंदूचं चित्रण करताना त्याचा उपयोग करून घेतला आणि दोनच वर्षांत माणसांवरचे प्रयोग आले. चेतापेशी कामाला लागल्या की तिकडे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावतं आणि यंत्राला मिळणारा संकेत वाढतो. पण चेतापेशीचं काम चालतं सेकंदाच्या हजाराव्या भागात, आणि रक्ताचा हा लोट भरात यायला चार-सहा सेकंद लागतात. पाटाला पाणी आलं यावरून कुठल्या वाफ्यात भिजवण चालू आहे याचा अंदाज बांधावा, तसं हे. अंदाज चांगला असतो, पण वाफ्यात काय पेरलंय ते पाटावरून कळत नाही. त्यातून चित्रातल्या एका ठिपक्यात लाखो चेतापेशी मावतात.

हिशेबात ढिलाई केली तर काय होतं, याचा मासला क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दिला. त्यांनी एक सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि चित्रातल्या माणसाला काय वाटत असेल असं विचारलं. मासा मेलेला होता. तरीही त्याच्या मेंदूत काही ठिपके ‘पेटले’. हजारो ठिपके एकेक करून तपासले की त्यातले काही निव्वळ योगायोगानेच चमकतात; त्यासाठीची दुरुस्ती केल्यावर माशाचं सगळं तेज मावळलं. या प्रयोगाला 2012 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस, मिळालं. यंत्र खोटं आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतंच, गणित नीट करा एवढंच होतं.

डावा-उजवा हा मुद्दा लवकर आटपतो. बहुतेकांच्या बाबतीत बोलण्याची मुख्य केंद्रं डाव्या बाजूला असतात हे खरं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी 1861 पासून त्याचा माग काढला. पण युटा विद्यापीठाने 2013 मध्ये 1,011 जणांची स्कॅन तपासली, तेव्हा ‘डाव्या मेंदूची माणसं’ आणि ‘उजव्या मेंदूची माणसं’ असे गट काही सापडले नाहीत.

राहिलं मन वाचणं. याला थोडा आधार आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी 2023 मध्ये ऐकलेल्या गोष्टीचा ढोबळ आशय स्कॅनवरून शब्दांत उतरवून दाखवला. पण त्यासाठी तिघांपैकी प्रत्येकाला यंत्रात पडून सुमारे 16 तास गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकाच्या मेंदूवर तयार केलेली पद्धत दुसऱ्याला लागू पडली नाही, आणि मनातल्या मनात प्राण्यांची नावं घेतली तरी ती गडबडायची. खोटं पकडण्याचं तर विचारूच नका. 2011 च्या एका प्रयोगात खोटं बोलणारे सगळे सापडले. पण त्यांना कुणाच्या लक्षात येणार नाही अशी हातापायाची बोटं हलवण्याची युक्ती शिकवल्यावर अचूकता 33 टक्क्यांवर आली.

आपल्याकडे हा विषय थट्टेचा नाही. 2008 मध्ये पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात शिक्षा देताना न्यायालयाने डोक्याला इलेक्ट्रोड लावून केलेल्या मेंदू-चाचणीचाही आधार घेतला होता. ते एफएमआरआय नव्हतं, पण दावा हाच होता: आठवण यंत्राला दिसते. पुढे 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत असा निकाल दिला.

मजकुराखालच्या नंबरावर मी फोन केला, काका. विचारलं, मुलांचं स्कॅनिंग कुठे करता? बाई म्हणाल्या, “स्कॅनिंग नाही सर, ते चित्र फक्त पालकांना समजावं म्हणून आहे.”