तपासणी हवीच, पण निकाल बाईच्या हातात द्या

लैंगिक वर्तनाच्या पाहणीत प्रश्नांसोबत गुप्तरोगांची तपासणीही व्हावी, हे लेखातलं म्हणणं मला पूर्ण पटलं. क्लॅमिडिया हा गुप्तरोग झालेल्या बहुतेक बायकांना काही त्रासच जाणवत नाही. मग नुसतं विचारून काय कळणार? आणि विचारणार तरी कसं? आमच्या कर्नाटकातल्या निपाणी भागात घरात पाहणीवाल्या ताई आल्या की सासू उंबऱ्यातच बसते. सून 'काही नाही' म्हणते आणि विड्या वळत राहते. लघवीचा नमुना मात्र खरं बोलतो.

ब्रिटनच्या 2010-12 च्या लैंगिक वर्तनाच्या पाहणीत असे नमुने घेतले होते. आपल्याकडे 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बोटातून रक्त घेऊन एचआयव्ही तपासला. दोन्हीकडे नाव गुप्त ठेवलं, पण निकाल त्या माणसाला कळवला नाही. हे मला मान्य नाही. क्लॅमिडिया साध्या अँटिबायोटिकने बरा होतो, आणि तसाच राहिला तर मूल न होण्याची वेळ येऊ शकते. मग निकाल लपवायचा कशाला?

शिवाय संमतिपत्र खानापूर-निपाणीकडे मराठीतही हवं. न वाचता उठवलेल्या अंगठ्याला संमती म्हणू नका. नवऱ्याचीही तपासणी करा, नाहीतर सगळा दोष बाईच्याच माथी येतो.