एकराला तीन कॅसेटी

परवा कबाडीवाल्यानं माझ्या चाळीस कॅसेटी तराजूत टाकल्या आणि लगेच बाहेर काढल्या. "भाऊ, आतली पट्टी काढून द्या. डबीचे पैसे भेटतीन, पट्टीचे नाही. गुंतते ते."

गुंतते! हे आम्हाला सांगतो? डेकच्या रबरी चाकावर तपकिरी मळ साचला की पट्टी त्याला चिकटून गुंडाळली जायची. आधी आवाज जाडा व्हायचा, गायिकेचा गायक व्हायचा, मग चर्र. तेव्हा हिसका द्यायचा नाही. चाक बोटानं उलटं फिरवत पट्टी सोडवायची, मग सहाकोनी पेन्सिल चक्रीत घालून गुंडाळायची. गोल पेन्सिल नको, चक्रीला आतून सहा दात असतात, गोल नुसतीच गरगरते. तुटली तर चिकटपट्टी हेडला, म्हणजे डेकमधल्या पट्टी वाचणाऱ्या भागाला, न टेकणाऱ्या अंगानंच लावायची, नाहीतर डिंक हेडवर. ही विद्या किलोवर गेली.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत एकट्यानं अपमान करून घ्यायची सोय नाही. गाडीला टेकून उभे असलेले एक काका पुढे सरकले.

"पट्टी मले द्या. वावरात बांधतो. ज्वारीवर पाखरं उतरून राहिली. ताणून बांधली का वाऱ्यानं भणभणते, उन्हात चमकते. पोपट फिरकत नाही. एकीत किती निघते जी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खुललो. पट्टी सेकंदाला 4.76 सेंटिमीटर पळते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटं, म्हणजे 1800 सेकंद. झाली जवळपास 86 मीटर.

काकांनी डोळे मिटले. "चौकोनी एकराचा बांध अडीचशे मीटर. म्हंजे एकराला तीन."

फिलिप्सनं ही कॅसेट 1963 साली आणली, असं मी सांगायला लागलो.

"दोन पदरी बांधली तं सहा," काका म्हणाले. "गाणे कोणते हायेत?"

"जुनी. दर्दभरी."

"मंग नाही जमत बाप्पा. पाखरं बसून ऐकतीन."

कबाडीवाला हसला. मीही हसलो, पण मनापासून नाही. यातल्या दहा-बारा तरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून भरलेल्या. चित्रहार लागलं की घरात खोकायची बंदी, आणि मे महिन्यात कुलर बंद! नागपुरात मे महिन्यात कुलर बंद करणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला कळणार नाही. तरी एकीत मधेच कुकरची शिट्टी आहेच. एवढा घाम गाळून भरलेलं कुणी पुसू नये म्हणून मागच्या कडेचे दोन कान मोडायचे. धाकट्या भावंडांनी त्या भोकांवर चिकटपट्टी लावून त्यावर स्वतःचे पाढे भरायचे.

आता फोनमध्ये म्हणे लाखो गाणी. महिन्याचे पैसे थकले की एकही वाजत नाही. ती किलोवरसुद्धा देता येत नाहीत. आणि यांना म्हणे पट्टीचे पैसे नाहीत.

तोवर काका गाडीवर मांडी घालून निवड करायला बसले होते. एकेक उलटून, खिडकीतून पट्टी पाहून त्यांनी एकतीस पिशवीत टाकल्या. नऊ माझ्याकडे सरकवल्या.

"ह्या नव्वदवाल्या ठेवा तुमच्यापाशी. पातळ पट्टी असते. पयल्याच वाऱ्यात तुटते."

बरोबर होतं. माझ्या डेकनं सगळ्यात जास्त नव्वदवाल्याच खाल्ल्या होत्या.

कबाडीवाल्यानं त्या नवांसाठी तराजू पुन्हा उचलला. "पट्टी काढून," तो म्हणाला.