गॅस्केटसाठी आलेल्या गाडीचं चेंबर का उतरवलं

नमस्कार सर,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत, की हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) सांगून गाडी घेतली, मग चेंबर, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडं, उतरवून खालूनही इंजिन उघडलं आणि बिल वाढवलं; दुसऱ्या मेकॅनिकच्या मते नुसत्या गॅस्केटवर भागलं असतं. फोन दोनदा उचलला नाही, हेही लिहिलंत. ते खरं आहे, माफ करा. बाकीचं जरा सविस्तर सांगतो.

गाडी टो होऊन आली तेव्हा काहीही खोलायच्या आधी आम्ही कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते मोजलं. एक आणि चार नंबरला 12 बार, दोन आणि तीनला जेमतेम 5. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले, की बहुतेक वेळा त्यांच्या मधली गॅस्केट गेलेली असते. तरी त्या दोघांत चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं. रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा वर चढला असता. तो हलला नाही. म्हणून फक्त हेड उतरवायचं ठरलं, आणि तुम्हालाही तेवढंच सांगितलं.

हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घातलं, तर 0.15 मिमीचं पातं आरामात आत गेलं. मॅन्युअलची मर्यादा 0.05. तापमानाचा काटा वर गेल्यावरही गाडी दामटली की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. ते फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवलं. इथवर तुमचीही तक्रार नाही.

घोळ ऑइल सोडल्यावर झाला. आधी भांडंभर कुलंट आलं, मग ऑइल. डिपस्टिकवर मात्र काही दिसलं नव्हतं, कारण गाडी चार दिवस उभी होती आणि कुलंट जड, ते तळाला बसलं. ड्रेन नट पहिल्याच दिवशी सैल करून बघायला हवा होता. बघितला असता तर खालचं काम निघू शकतं हे अंदाजपत्रकातच लिहिलं असतं, आणि तुम्हाला मध्येच धक्का बसला नसता. ही चूक माझी आहे, पोरांची नाही.

कुलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर (फिरणाऱ्या क्रँकभोवतीच्या पातळ वाट्यांवर) थर धरत नाही, धातूवर धातू घासतो. म्हणून चेंबर उतरवून एका रॉडची (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याची) कॅप काढली. बेअरिंगचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. मग चारही काढल्या. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, मायक्रोमीटरने मोजला, तो मापात होता. मेन बेअरिंगची एक कॅप काढून पाहिली, तिथे नखालाही न लागणाऱ्या रेघा होत्या. ते तसंच ठेवलं. नुसती गॅस्केट टाकून गाडी दिली असती तर ती चालू झाली असती, गपगुमान पळालीही असती. पण एक दिवस रॉड वाजायला लागला असता, आणि मग क्रँकच लेथवर न्यावा लागला असता. त्या मेकॅनिकने सोडलेलं ऑइल पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांना दोष देत नाही.

तुमच्याबरोबर आलेले मित्र म्हणाले होते, "उघडलंच आहे तर रिंगाही टाका, फुल इंजिन करून टाका." मी नाही म्हणालो, आठवत असेल. बोअरमधल्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या) मुळातल्या तिरक्या रेघा शाबूत होत्या, वरच्या कडेला नख अडकत नव्हतं, म्हणजे झीज नव्हती. रिंगा त्या बोअरला घासून घासून बसलेल्या असतात. पिस्टन एकदा बाहेर काढला की नव्या रिंगा आल्या, होनिंग (बोअर आतून घासणं) आलं, नवं बसणं आलं. बिल फुगवायचंच असतं तर ती संधी माझ्यासमोर आयती होती.

चेंबरसाठी खालची क्रॉसमेंबर (गाडीच्या सांगाड्याची आडवी पट्टी) उतरवावी लागते, वाढलेल्या मजुरीचा मोठा भाग तिचाच आहे.

काढलेली बेअरिंग नंबर टाकून पिशवीत ठेवली आहेत. त्या मेकॅनिकला दाखवा. ती परत बसवायला ते तयार असतील तर खालच्या कामाची मजुरी परत करतो. आणि 500 किमी झाले की ऑइल बदलायला नक्की या, आत राहिलेला कुलंटचा अंश त्याबरोबर निघून जातो. तारे दोनच राहिले तरी ते चुकवू नका.