सीट भरल्याशिवाय हलू नका

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल १ आणि टर्मिनल २ मध्ये शटल सोडायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? मग पहिलं पथ्य: घड्याळ बघायचं नाही, सीट मोजायच्या. टर्मिनल १ वरून सहारला, म्हणजे टर्मिनल २ ला, जायचं म्हणजे विमानतळाला बाहेरून वळसा, त्यात हायवेच्या मनात असेल तेवढा वेळ. एवढ्यासाठी सात माणसं घेऊन निघालात, तर डिझेलचा जाब तुम्हाला विचारतील. त्या सात जणांच्या फुकट गेलेल्या अर्ध्या तासाचं व्हाउचर कधीच निघत नाही, तेव्हा तो खर्च धरूच नका.

‘पाचच मिनिटं’ हे उत्तर पाठ असू द्या. फारच कुरकुर झाली तर ड्रायव्हरला इंजिन चालू करून गाडी दोन हात पुढे घ्यायला लावा. शेअर रिक्षावाल्यांची ही विद्या आहे: गाडी हलली की आतला उतरत नाही आणि बाहेरचा पळत येतो. सगळ्यात आधी येऊन बसलेला सगळ्यात जास्त रखडतो, हे खरं. पण त्याला लवकर यायला सांगितलं कोणी?

पलीकडच्या टोकाचा विचार तर मनातही आणू नका. गाडी एकच असली की तिकडचे लोकही ट्रॉल्या धरून हिचीच वाट बघत असतात. रांगांचं गणित करणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. म्हणे, दोन्हीकडच्या रांगा बघून ठरवा. तिकडे गर्दी जितकी जास्त, तितक्या कमी माणसांवर इकडून निघा, वेळ पडली तर रिकामे. रिकामे! ऑडिटवाल्यांना काय तोंड दाखवणार? शिवाय त्यासाठी तिकडच्या माणसाला फोन करावा लागतो, आणि त्याचं-तुमचं दिवाळीपासून बोलणं बंद.

कोणी वेळापत्रक सुचवेल. दर २० मिनिटांनी गाडी नेमाने सुटली, तर कधीही येणाऱ्या माणसाला सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. हे लोकांना कळलं तर तुमच्या शिट्टीला विचारतो कोण? दुसरी गाडी मंजूर झालीच, तर दोन्ही एकाच टोकाला मागेपुढे लावा.

आता एक कटकट मात्र झालीय. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो ३ दोन्ही टर्मिनलांवर थांबते, मध्ये फक्त सहार रोड स्टेशन. तिला रिकामं धावायची लाज वाटत नाही. प्रवाशाने विचारलंच, तर त्याच्या बॅगांकडे बघून एवढंच म्हणा, ‘एवढं सामान घेऊन खाली उतरणार, काका?’