बोफिनला मरळ समजून मारू नका

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या तळ्यांवर गळ टाकणाऱ्या आपल्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक फोटो फिरतोय. लांबट, हिरवट-तपकिरी मासा, पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पर, शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा काळा ठिपका. खाली मजकूर असा: ‘सावधान! हा स्नेकहेड, म्हणजे आपली मरळ. बाहेरून आलेला आक्रमक मासा आहे. बास, वॉलआय, पाइक असे गळाला लागणारे आवडते मासे सगळे संपवतो. पाण्याबाहेर दिवसच्या दिवस जगतो. खायला कुचकामी, पकडायलाही काही मजा नाही, वर चावतो. सापडला तर परत सोडू नका, मारून काठावर टाका.’

फोटोतला मासा स्नेकहेड नाही, बोफिन आहे, इथलाच मूळचा गोड्या पाण्यातला मासा. इंग्रजी बोलणारे मासेमारही ही चूक गेली वीसेक वर्षं करतायत, तेव्हा ती फक्त आपली नाही. पण या मे महिन्यात मिशिगनमधल्या एका बोट रॅम्पच्या बाजूला मी गवतावर तीन बोफिन वाळून पडलेले पाहिले. दोघांचे खालचे पर अजून हिरवेगार होते. तो हिरवा रंग विणीच्या दिवसांत नरांना येतो. ते दोघे कुठल्या तरी घरट्यावरून उचलले गेले असणार. तेव्हापासून हा मेसेज आला की मला गप्प बसवत नाही. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

‘ही आपलीच मरळ आहे.’

आपल्याला असं वाटतं याचं कारण मला चांगलं माहीत आहे. माझं लहानपण भीमेच्या काठी गेलं, मरळ ओळखायला कुणी शिकवावं लागलं नाही. लांब पाठीचा पर, जाड गोल अंग, मोठं तोंड, मध्येच वर येऊन हवेचा घोट घेणं, हे सगळं बोफिनमध्येही आहे. त्यात आपल्या मोठ्या मरळीच्या शेपटीजवळही कडेला फिकट वलय असलेला काळा डोळा असतो. बोफिनच्या नराला जवळजवळ त्याच जागी तसाच डोळा असतो. म्हणजे ज्या खुणेवर आपला सगळ्यात जास्त भरवसा, तीच इथे फसवते. मीही पहिला बोफिन काढला तेव्हा तोंडातून ‘मरळ!’ हाच शब्द आला होता.

म्हणून पाठीकडे आणि शेपटीकडे बघून काही ठरवू नका. मासा उलटा करा. पोटाच्या बाजूला, गुदद्वाराच्या मागे जो पर असतो तो स्नेकहेडमध्ये लांबलचक असतो, पाठीच्या पराच्या अर्ध्याहून जास्त. बोफिनचा तोच पर आखूड, दोन बोटांत मावेल इतका. मग पोटावरची परांची जोडी बघा. स्नेकहेडमध्ये ती पुढे, कल्ल्यांमागच्या परांच्या जवळपास खालीच असते. बोफिनमध्ये ती मागे, पोटाच्या मध्यावर. तिसरी खूण डोक्याची. स्नेकहेडच्या डोक्यावर मोठे खवले असतात, सापासारखे, नावही त्यावरूनच पडलं. बोफिनचं डोकं गुळगुळीत आणि हाडाचं. त्याच्या खालच्या जबड्याच्या दोन बाजूंच्या मध्ये, हनुवटीखाली, हाडाची एक सपाट पट्टी बोटाला लागते. स्नेकहेडला ती नसते. अंधारातसुद्धा चाचपून कळतं.

नात्याचं म्हणाल तर मरळ बोफिनपेक्षा रोहू-कटल्याच्या कितीतरी जवळची. बोफिनचा वंश डायनोसॉरांच्या काळापासूनचा. त्या वंशाचे बाकी सगळे मासे आता फक्त दगडांत सापडतात. जिवंत नात्यातला सर्वात जवळचा म्हणजे ‘गार’ नावाचा लांब चोचीचा मासा. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने 1766 मध्ये बोफिनला अमिया काल्व्हा हे नाव दिलं आणि पुढे दीर्घकाळ ही एकच जात मानली जात होती. 2022 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की जाती निदान दोन आहेत. ग्रेट लेक्सकडचा आपला मासा अमिया ओसेलिकौडा. हे नाव निसर्गशास्त्रज्ञ जॉन रिचर्डसन यांच्या ग्रंथात 1836 मध्येच आलेलं होतं, मध्ये ते बाजूला पडलं होतं. त्याचा अर्थ ‘शेपटीवर डोळा असलेला’. ज्या डोळ्यामुळे लोक त्याला मारतात, तोच त्याच्या नावात आहे.

‘बाहेरून आलेला, आक्रमक.’

नेमकं उलटं आहे. बोफिन फक्त उत्तर अमेरिकेचाच आहे. सेंट लॉरेन्स, लेक शँप्लेन, ग्रेट लेक्सच्या काठच्या दलदली, मिसिसिपीची बाजूची पाणी, हे त्याचं घर. क्वेबेकमध्ये फ्रेंच बोलणारे त्याला बीव्हर मासा म्हणतात, उत्तरेत डॉगफिश, दक्षिणेत मडफिश, ग्रिनेल, लुइझियानात शूपिक. शूपिक हा शब्द चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला. ज्या माशाला इतकी जुनी गावठी नावं आहेत तो काल-परवा कुणी बादलीतून आणून सोडलेला नसतो.

बाहेरून आलेला स्नेकहेड वेगळा, त्याची गोष्टही खरी आहे. 2002 मध्ये मेरीलंडच्या क्रॉफ्टन गावातल्या एका तळ्यात उत्तरी स्नेकहेड सापडले, तळ्यात विष टाकावं लागलं, देशभर बातम्या झाल्या. त्याच वर्षी स्नेकहेडची आयात आणि राज्याबाहेर जिवंत वाहतूक केंद्र सरकारने बंद केली. 2004 मध्ये ते पोटोमॅक नदीत दिसले आणि तिथे आता वस्ती करून आहेत. त्याच वर्षी शिकागोच्या बर्नहॅम हार्बरमध्ये एक सापडला, पण ग्रेट लेक्समध्ये त्यांची वस्ती झाली नाही. क्रॉफ्टनच्या त्या भीतीचा भुर्दंड मात्र इथला बोफिन आजही भरतोय.

आणि बाहेरच्या माशांचाच राग असेल तर हिशेब नीट करू. मिशिगनमध्ये लोक ज्याच्यासाठी पहाटे चारला उठतात तो ब्राऊन ट्राऊट जर्मनीहून आणलेला, 1884 मध्ये पेर मार्केट नदीच्या खोऱ्यात सोडलेला. लेक मिशिगनचा कोहो सॅमन 1966 मध्ये पॅसिफिककडून आणून सोडला. कार्पसुद्धा एकोणिसाव्या शतकात सरकारनेच आणवला. मला ट्राऊट आवडतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाहुण्यांना सन्मान आणि घरच्याला आक्रमक म्हणून काठी, हे मला पटत नाही.

‘बास, वॉलआय सगळे संपवतो.’

बोफिन शिकारी आहे, मासे खातो, हे खरं. क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला तो नांगीवाला झिंग्यासारखा प्राणी, त्याच्या पोटात भरपूर सापडतो. बेडूक, किडेही असतात. या बदनामीचा एक धागा जुन्या अभ्यासांपर्यंत जातो, आणि तो प्रत्येक मासेमाराला माहीत असावा असं मला वाटतं. 1942 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल लॅगलर आणि व्हर्नन अॅपलगेट यांनी दक्षिण मिशिगनमधल्या बोफिनच्या खाण्यावर लिहिलं, आणि त्यातच बजावलं की सापळ्याच्या जाळ्यात पकडलेल्या माशांवरून त्यांचं रोजचं खाणं ठरवणं योग्य नाही. कारण सरळ आहे. जाळ्यात मोठा शिकारी आणि लहान मासे एकत्र कोंडले जातात. बाहेर ज्याच्या वाटेलाही तो गेला नसता, ते आत आयतं समोर येतं.

याहून साधी गोष्ट डोळ्यांसमोर आहे. हिमयुगाचा बर्फ मागे गेला तेव्हापासून या पाण्यांत बोफिन, बास आणि पाइक शेजारी राहतायत. पेनसिल्व्हेनियात प्रेस्क आयलच्या खाडीत एकाच सकाळी मी लार्जमाउथ बास, पाइक आणि बोफिन तिन्ही काढलेत, शेवाळाच्या त्याच पट्ट्यात. बास कमी झालेल्या तळ्यांवर काठाची दलदल भरून बंगले उठलेत का, वेली रासायनिक फवारे मारून साफ केल्यात का, हे आधी बघा.

‘पाण्याबाहेर दिवसच्या दिवस जगतो.’

बोफिनचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुप्फुसासारखं काम करतो. उन्हाळ्यात पाणी कोमट झालं, त्यातला प्राणवायू कमी झाला की तो वर येऊन हवा घेतो. उथळ खाडीत तो ‘गप्’ असा घोट ऐकू आला की मी त्या दिशेला आमिष टाकतो. थंड पाण्यात मात्र त्याचं कल्ल्यांवर भागतं, म्हणून चार महिने बर्फाखाली राहू शकतो. कोरड्या चिखलात पुरून घेऊन महिनोन्महिने झोपतो अशीही एक कथा आहे. प्रयोगांत दिसलं ते असं की हवेत तीन ते पाच दिवसांपलीकडे टिकण्याची त्याच्या शरीराची ताकद नाही. आणि ते ओलाव्यात. उन्हात, गवतावर टाकलेला बोफिन हळूहळू, कितीतरी वेळ तडफडत मरतो. हवा घेता येते म्हणून त्याचं मरण लांबतं, इतकाच त्याचा ‘फायदा’.

‘खायला कुचकामी, पकडायलाही काही मजा नाही.’

मांस लवकर मऊ पडतं, हे मान्य. सकाळी पकडून बादलीत ठेवला आणि संध्याकाळी कापला तर कापसासारखा लागेल. खायचाच असेल तर लगेच रक्त काढून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी रवा लावून तळा. लुइझियानात त्याच्या गाबोळीची कॅव्हियार विकली जाते. मोठ्या, म्हाताऱ्या शिकारी माशात पारा साठतो, म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याची मासे खाण्याबद्दलची सूचना आधी वाचा. ते बोफिनइतकंच मोठ्या वॉलआयलाही लागू आहे.

मजेचं विचाराल तर उत्तरेच्या उथळ पाण्यात त्याच्याइतका झगडणारा मासा मला माहीत नाही. तळाला टाकलेला माशाचा तुकडा किंवा जाड गांडूळ तो सावकाश उचलतो, दोरी जरा बाजूला सरकते, बस. गळ लागला की आधी वेलींत घुसतो, मग दोरीभोवती पिळे घेतो, काठाशी आला की पुन्हा उसळतो. बाससाठी टाकलेल्या बेडकावरही तो बेधडक येतो. साधारण दोन फुटांचा भेटतो, मादी नरापेक्षा मोठी. गळाने पकडलेल्यांत विक्रम 1980 मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या फ्लॉरेन्सचा, 21 पाउंड 8 औंस. शांत पाण्यात त्याला पोहताना एकदा बघाच. अंग हलत नाही, पाठीच्या परातून फक्त एक लाट वाहत जाते आणि तो पुढे सरकतो, तसाच मागेही.

चावतो म्हणता, तर हो, दात धारदार आहेत. बाससारखा अंगठा त्याच्या तोंडात घालू नका. लांब पक्कड आणि रबरी जाळं जवळ ठेवा, हात ओले करा, काम पाण्यातच उरका.

‘मारून काठावर टाका.’

मेसेजमधलं सगळ्यात वाईट वाक्य हे. वसंतात, पाणी तापायला लागलं की नर उथळ जागी वेली तोंडाने खुडून गोल वाटी करतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढे आठ-दहा दिवस अंडी राखणारा नरच. पिल्लं बाहेर आली की नाकाच्या टोकावरच्या चिकट भागाने घरट्यातल्या काड्यांना चिकटून राहतात, मग काळ्या ढगासारखी एकत्र पोहतात. चार इंचांची होईपर्यंत बाप त्यांच्याभोवती फिरत असतो. त्या काळात जवळून गेलेल्या कुठल्याही आमिषावर तो झेपावतो, भूक म्हणून नव्हे, हाकलण्यासाठी. म्हणूनच मे-जूनमध्ये तो सहज सापडतो, आणि म्हणूनच त्याला तेव्हा मारलं की मागे उरलेला घोळका ब्लूगिल आणि बास काही वेळात फस्त करतात.

हे आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा लाल घोळका पाण्यावर दिसला की खाली आईबाप आहेत हे आमच्याकडे पोरांनाही कळायचं, आणि आमचे आजोबा तिथे गळ टाकू द्यायचे नाहीत. बोफिन मरळ नाही, पण हा नियम त्याला जसाच्या तसा लावता येतो.

कायद्याचा आधार घेत असाल तर तोही तपासा. मिनेसोटात मारलेला मासा काठावर टाकून जाता येत नाही. तिथे बोफिन वर्षानुवर्षं कार्पबरोबर ‘रफ फिश’, म्हणजे बिनमोलाचे मासे, या एकाच गोणीत होता. 2024 मध्ये राज्याने कायद्यात इथले मूळचे मासे बाहेरून आलेल्यांपासून वेगळे काढले. दुसऱ्या राज्यात असाल तर परवान्याबरोबरची नियमपुस्तिका उघडा.

खरंच स्नेकहेड निघाला तर? लांब गुदपर, पुढे असलेली पोटपरांची जोडी, डोक्यावर खवले, तिन्ही जुळलं तर सोडू नका. मारून बर्फात ठेवा, पोटाकडून आणि बाजूने फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि राज्याच्या मत्स्य खात्याला लगेच कळवा.

आणि तो मेसेज ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी ज्या ग्रुपवर पाठवला त्याच ग्रुपवर आता हे टाका. पुढच्या वेळी बोफिन लागला की त्याला पाण्यातच उलटा धरून आखूड पराचा एक फोटो काढा आणि तोही टाका.